अंगणातलं शेवटचं इरलं

पोस्टातल्या नोकरीवर लिहायचं म्हटलं की लोकांना गमती हव्या असतात. त्या माझ्याकडे पोतंभर आहेत. देवाच्या नावानं कार्ड टाकणारा पुजारी, तार आली म्हणताच ती न वाचता रडायला बसणारं घर, मुंबईच्या मुलाला पार्सलातून सुकी कोलंबी धाडणारी आणि 'वास बाहेर येता कामा नये' असं मलाच बजावणारी म्हातारी. या गमती सांगून मी चौतीस वर्षं लोकांना हसवलं. पण पावसाळ्यात आमच्या अंगणात कुणी छत्री उघडी वाळत टाकली, तर मी अजून उठून ती मिटून ठेवतो. का, ते मी घरातसुद्धा धड सांगितलेलं नाही.

मुंबईच्या गिरण्यांत संपामागून संप चालले होते, त्या वर्षांतली ही हकीकत. मी तेव्हा रत्नागिरीच्या उत्तरेला, आरे-वाऱ्याच्या पुढे एका खाडीपलीकडच्या गावात सब-पोस्टमास्तर होतो. पोस्ट म्हणजे कौलारू घराची पुढची पडवी. गज लावलेली एक खिडकी, एक टेबल, भिंतीत पक्की केलेली लोखंडी पेटी, आणि माणसं दोन. मी आणि पोस्टमन हसनभाई. हसनभाई गावातल्याच मोहल्ल्यातला, तरुणपणी जहाजावर गेलेला, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. कुठल्या वाडीत कुणाची म्हैस व्यायली इथपासून त्याला सगळं ठाऊक असे.

ते गाव मनीऑर्डरीवर जगत होतं. भात चार महिने पुरायचं, पुढचे आठ महिने मुंबईचे आठ-दहा रुपये. घरटी एक पुरुष गिरणीत किंवा बोटीवर. महिन्याचा पगार झाला की साताठ दिवसांनी हसनभाईची पिशवी फुगायची आणि वाड्यावाड्यांतून चुलीचा धूर दिसायचा.

आता हे मनीऑर्डरीचं काम बाहेरच्यांना नीट ठाऊक नसतं, म्हणून सांगतो. मुंबईला माणूस दहा रुपये भरतो. ते दहा रुपये मुंबईतच राहतात. गावाला येतो तो नुसता कागद. आम्ही आमच्या पेटीतले दहा रुपये त्याच्या बायकोला द्यायचे, अंगठा घ्यायचा आणि खालचं कूपन फाडून तिला वाचून दाखवायचं. कूपनावर दोन ओळी असायच्या. मूल बोलायला लागलं का, पाऊस कसा आहे, भावाशी भांडू नको. पेटीतली रक्कम संपत आली की रत्नागिरीच्या मोठ्या पोस्टाकडे मागणी करायची, मग डाकवाला थैली घेऊन येणार. इतकं सोपं काम.

पण गावाचा हिशेब वेगळा होता. त्यांना वाटे, नवऱ्यानं जे रुपये तिकडे हातात धरले तेच रुपये थैलीत बसून इकडे येतात. मचव्यावरचा एक म्हातारा तांडेल होता, त्याचे चाळीस रुपये बचत खात्यात होते. दर महिन्याला यायचा आणि म्हणायचा, "मास्तर, माजं पैसं जरा दाकवा." पहिल्यांदा मी त्याला नियम समजावले. दुसऱ्यांदा कंटाळून पेटीतले कुठलेही चाळीस रुपये काढून समोर मांडले. तो एकेक हातात घेऊन बघायचा, एखाद्याची चेपलेली कड ओळखल्यासारखी मान हलवायचा आणि समाधानानं घरी जायचा. मला गंमत वाटायची. खिडकीच्या आतून खोटं बोलायची ती माझी पहिली सवय.

त्या वर्षी संप लांबला आणि मनीऑर्डरी आटल्या. हसनभाई रिकामी पिशवी घेऊन वाड्यांतून जाईनासा झाला, लांबच्या पाणंदीनं जायचा. मग भाद्रपदाच्या तोंडाला गिरण्यांचे भोंगे पुन्हा वाजले, आणि गणपतीला घरी येता येणार नाही म्हणून सगळ्यांनी एकदम पैसे पाठवले. दोन टपालांत मिळून शंभरावर मनीऑर्डरी आल्या. सगळे कागद. मी मागणी रत्नागिरीला धाडली आणि त्याच संध्याकाळी पावसानं असा सूर धरला की खाडीची तर, म्हणजे पलीकडे नेणारी होडी, बंद झाली. मधे एकदा दुपारी उघडीप झाली तेव्हा पलीकडच्या काठावरून डाकवाल्याच्या काठीचे घुंगूर ऐकू आले. सगळं गाव ऐकत उभं राहिलं. घुंगूर काठाकाठानं वर गेले, खाली आले, आणि हळूहळू सड्याच्या कातळमाळाकडे लांब गेले. तरीवाला पाण्यात उतरायला तयार नव्हता.

मनीऑर्डरी आल्यात ही बातमी हसनभाईनं दाबायचा प्रयत्न केला, पण ती फुटली. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकी उघडली तर अंगणात इरली.

ज्यांनी इरलं पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पानं गच्च बसवलेली, डोक्यापासून कमरेखालपर्यंत पाठ झाकणारं. लावणीला वाकलेल्या बाईचं पावसातलं घरच ते. बाई खाली बसली आणि इरलं पुढे ओढलं की आत माणूस आहे की नाही, बाहेरून कळत नाही. अशी वीस-पंचवीस इरली अंगणात रांगेनं बसली होती. कुणी हाक मारली नाही. कुणी 'मास्तर' म्हटलं नाही. पानांवर पाऊस वाजत होता तेवढाच आवाज.

मी खिडकीतून सांगितलं, "कागद आलेत, पैसे यायचेत. पेटीत रक्कम नाही. तर सुरू झाली की मिळतील."

एकही इरलं हललं नाही. दुपारी मी जेवायला मागच्या घरात गेलो, परत आलो, तशीच. दिवे लागायच्या आधी सगळ्या एकदम उठल्या आणि गेल्या. तिसऱ्या दिवशी पन्नास झाली, चौथ्या दिवशी अंगण भरून बाहेरच्या दगडी गडग्यापर्यंत रांग गेली. घरी मुलांना बघायला, गुरांना पेंढा टाकायला एखादी उठून जायची ती इरलं जागेवर ठेवून जायची, म्हणजे तिचा नंबर जात नसे. त्यामुळे शंभरांतली किती भरलेली आणि किती रिकामी, मला कधीच सांगता आलं नाही. आरडाओरडा केला असता, दगड मारले असते, तर मी घाबरलो असतो पण मला ते समजलं असतं. हे समजत नव्हतं. कागद लिहिताना माझी पाठ खिडकीकडे असली की मानेवर काहीतरी टेकल्यासारखं वाटायचं.

आता जे सांगायचं ते सांगतो. पेटीत रक्कम होती.

गावच्या खोतांनी बचत खात्यातून दोनशे रुपये काढायची आगाऊ सूचना दिली होती, आणि ते दोनशे तर बंद व्हायच्या आधीच्या टपालानं येऊन पडले होते. खोत चिपळूणला गेलेले, वाशिष्ठीला पूर आल्यामुळे तिकडेच अडकलेले. नियमानं ते पैसे त्यांच्यासाठीच होते. आणि नियमाहून मला खोतांचं भय अधिक होतं, कारण पोस्टाचं घर त्यांचं, विहीर त्यांची, आणि त्यांचा शब्द रत्नागिरीच्या साहेबांपर्यंत पोचायचा.

हसनभाईला हे ठाऊक होतं. चौथ्या दिवशी तो दार लोटून म्हणाला, "मास्तर, त्ये खोताचं देवन टाका. खोत काय आबाळ पाडनार हाय?"

"दोनशे रुपयांत वीस बायका होतील. उरलेल्या ऐंशींना काय सांगू?"

"वीस घरांत तर चूल पेटंल."

मी म्हटलं, नोकरी जाईल. पिशवी खुंटीला लावून तो पडवीत जाऊन बसला, माझ्याकडे पाठ करून.

पाचव्या दिवशी गोविंद गुरव आला. तो वाघजाईचा पुजारी, साठीच्या आसपासचा, हाडकुळा, बोलायला मऊ. त्याची मुलगी भागीरथी, गावात सगळे तिला भागी म्हणत, नवरा मुंबईला गिरणीत असल्यामुळे बापाकडे राहत होती. तिची चार वर्षांची मुलगी आठ दिवस तापानं फणफणत होती. भागीची बारा रुपयांची मनीऑर्डर माझ्या टेबलावर होती. रोज पहिलं इरलं तिचं असायचं, खिडकीच्या अगदी खाली.

गुरव म्हणाला, "मास्तर, बायांचा म्हनना असा हाय, की कागद आला म्हंजे पैसं आलंच. कागद हाय नि पैसं नाय, असा कसा व्हईल? तुमी लपवलंव असा त्या म्हनतात. मी म्हटला, देवीला इचारूया. कौल लावूया. तुमी येवा."

मी नाही म्हणू शकलो असतो. पण अंगणातली सगळी इरली तेव्हा उभी राहिली होती, आणि त्यांच्यामधून एक माणूस जाईल एवढी वाट मोकळी सोडलेली होती. मी पेटीची किल्ली कनवटीला लावली आणि त्या वाटेनं चालू लागलो.

भर दुपारी देवळात समई लावावी लागली इतका अंधार होता. वाघजाईची मूर्ती म्हणजे हातभर काळा पाषाण, नाकडोळे झिजलेले. कौलाची रीत अशी. गुरव पाषाणाच्या दोन्ही बाजूंना पाण्यात भिजवलेल्या फुलाच्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. शिकलेला माणूस म्हणून मी या गोष्टीला मनातून हसत आलो होतो. त्या दिवशी मला हसू आलं नाही.

गोविंदानं पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं. "बाय माजे वाघजाये, तुजी लेकरं उपाशी तुज्या दारात आली हायेत गो. मास्तराच्या पेटीत पैसा आसंल तर उजवी दे, नसंल तर डावी दे. खरा काय ता कर गो माये."

"व्हय म्हाराजा," मागून शंभर बायका एकदम म्हणाल्या. पाच दिवसांत मी ऐकलेला तो त्यांचा पहिला आवाज.

पन्हळीचं पाणी पायरीवर पडत होतं. मी त्या उजव्या पाकळीकडे बघत होतो. ती वरच्या बाजूनं सुटायला लागली आहे असं मला वाटलं, मग वाटलं की समई हलतेय. घाम डोळ्यांत गेला. मी डोळे पुसले. उघडले तेव्हा गोविंद मूर्तीच्या आणि माझ्या मधे वाकलेला होता, समईची वात सारत होता. तो सरळ झाला, पण तिथेच उभा राहिला. त्याची उजवी मूठ मिटलेली होती. तो माझ्याकडे बघत होता.

"मास्तर," तो म्हणाला, "तुमाला काय सांगायचा हाय?"

मी म्हणालो, "मी सांगितलं तेच. पेटीत पैसे नाहीत."

तो आणखी थोडा वेळ बघत राहिला. मग वळला. तो बाजूला झाला तेव्हा डावी पाकळी खाली पडलेली होती. "डावा कौल," तो म्हणाला, कुणाकडेही न बघता.

बायकांनी माझ्या पायांना हात लावले. मला वाटतं, माझ्या आयुष्यातली सगळ्यांत लाजिरवाणी गोष्ट तीच. एकेक बाई पुढे यायची, वाकायची आणि म्हणायची, "चुकी झाली, मास्तर." मी गप्प उभा राहून ते घेतलं.

संध्याकाळच्या आत अंगण मोकळं झालं. एकटी भागी खिडकीशी आली. इरलं तिनं मागे सारलं तेव्हा पाच दिवसांत मी प्रथमच तिचं तोंड पाहिलं. डोळे आत गेले होते.

"मास्तर, तुमच्या हितं नाय तर नाय. मी रत्नांग्रीस गेलंव तर थंय मिळतील काय माजं पैसं? थंय डाक्तर पन हाय."

इथे पोस्टातल्या माणसालाच कळेल अशी गोष्ट आहे. मनीऑर्डर ज्या पोस्टावर आली तिथेच मिळते. कागद माझ्या टेबलावर होता, रत्नागिरीला तिला कुणी एक पैही दिली नसती. हे मला माझ्या नावाइतकं ठाऊक होतं. पण पाच दिवसांनी अंगण मोकळं झालं होतं, आणि मला ते मोकळंच राहायला हवं होतं. खिडकीच्या आतून बोलायची सवय होतीच.

"मिळतील," मी म्हटलं.

"पोरीला बाबांकडं ठेवतंव," असं म्हणून ती इरलं पुढे ओढून गेली. तर बंद आहे, ती कशी जाणार, हे मी विचारलं नाही. उन्हाळ्यात खाडीच्या मुखाशी ओहोटीला कमरेएवढं पाणी असतं आणि गावातली माणसं तिथून चालत उतरतात. पण तो उन्हाळा नव्हता.

तिला उतरताना खाडीत जाळं टाकणाऱ्या एका पाग्यानं लांबून पाहिलं. त्यानं हाका मारल्या. तिनं ऐकलं की नाही कोण जाणे, वाऱ्याचा जोर होता. तो म्हणायचा, इरलं बराच वेळ दिसत होतं, सरळ, उभं, पाण्यावरून चालल्यासारखं. त्याला वाटलं बाई पोचली.

दोन दिवसांनी पाऊस उघडला, तर सुरू झाली आणि डाकवाला थैली घेऊन आला. घुंगूर वाजताच अंगण भरलं. ऊन पडलं होतं तरी सगळ्याजणी इरली घेऊन आल्या होत्या, कारण रांग त्या इरल्यांचीच होती. मी एकेक नाव पुकारलं, रुपये मोजले, कूपनं वाचली. बायका आता बोलत होत्या, एकमेकींना ढकलत होत्या, एक तर चक्क हसली. भागीचं नाव मी वगळून पुढे गेलो. म्हटलं, रत्नागिरीहून रिकाम्या हातानं परत येईल, रागावेल, तेव्हा तिचे बारा देऊ. तिला काय सांगायचं तेही मी मनाशी ठरवून ठेवलं होतं.

उन्हं कलली तेव्हा रांग संपली. मी खिडकी ओढून घेणार, तर खिडकीच्या अगदी खाली, पहिल्या जागेवर, एक इरलं बसलेलं होतं.

"काय गं, तुझं नाव राहिलं का?" मी विचारलं.

मी पुन्हा विचारलं. हसनभाई पडवीतून उठला आणि माझ्याकडे बघू लागला. मी अंगणात गेलो. इरल्याची पानं ओली होती, त्यांत वाळू अडकलेली. ऊन सकाळपासून पडलेलं आणि बाकीची सगळी इरली कोरडी होती. मी वाकून कड धरली आणि उचललं.

खाली काही नव्हतं. वाळलेल्या अंगणात तेवढीच जमीन ओली होती.

हसनभाई मागून हळूच म्हणाला, "गोविंदानं सकाळी आनून ठेवलान. आऱ्याच्या वाळूत गावला. म्हनाला, लेकीचा नंबर हाय, जायला नको."

मला आठवतं की मी ते इरलं पुन्हा होतं तसं, होतं तिथे ठेवलं. हसनभाईनं पोस्टाचं दार लावून घेतलं.

भागी सापडली नाही. मनीऑर्डर नियमानं सात दिवस ठेवायची. सातही दिवस इरलं तिथेच होतं, आणि मला ते उचलायला सांगायचा धीर झाला नाही. आठव्या दिवशी मी बारा रुपये मुंबईला तिच्या नवऱ्याकडे परत धाडले. कूपनावर त्यानं कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं, 'पोरीच्या औषधाला कमी करू नको. तू पण जेव.' शेऱ्याच्या जागी मी 'घेणार मिळत नाही' असं लिहिलं. पोरगी जगली. हसनभाईनं स्वतःच्या पैशानं तापावरचं कोयनेल आणून दिलं होतं, ते मला फार उशिरा कळलं.

खोत पंधरा दिवसांनी चिपळूणहून आले. मी दोनशे रुपये काढून पुढे केले. ते म्हणाले, "राहू दे रे, आता घाई नाही. दिवाळीनंतर बघू."

दोन वर्षांनी माझी बदली झाली. निरोप द्यायला बंदरावर बरीच माणसं आली, हसनभाईच्या डोळ्यांत पाणी होतं. गोविंद गुरव नातीचं बोट धरून आला. त्या दिवसापासून त्यानं मला एकही वाकडा शब्द बोललेला नव्हता, रस्त्यात दिसला की नमस्कार करायचा. मला वाटायचं, त्याला काही ठाऊक नाही. नातीला त्यानं हसनभाईकडे दिलं आणि मला जरा बाजूला घेतलं.

"मास्तर, त्या दिशी उजवी पडली व्हती."

मी त्याच्या उजव्या हाताकडे बघितलं.

"वात सारताना माज्या हातावर पडली. मी मुठीत धरली. दाकवली असती तर बायांनी पेटी फोडली असती. तुमाला मारला असता. मागनं पोलीस येवन गाव बांदून नेला असता. म्हनून मूठ मिटून तुमच्याकडं बगीत ऱ्हायलंव. तुमी आपल्या तोंडानं बोललां असतांव तर त्ये देना झाला असता, मास्तर. लूट झाली नसती. मी तुमाला इचारला पन."

"मग डावी कशी पडली?" मी विचारलं.

"ती मी पाडली," तो म्हणाला. "देवीपुडं एवडाच एक खोटा केला मी. त्याच सांजंला भागी गेली."

मग त्यानं मला नेहमीसारखा नमस्कार केला आणि नातीला घेऊन तो सड्याच्या वाटेनं चढून गेला. मी पडावात बसलो. माझं सामान आधीच चढवून झालं होतं.